गाणारीचा वाटा

अमेरिकेतल्या एखाद्या एफएम केंद्रावर पॅट्सी क्लाइन या गायिकेचं ‘क्रेझी’ लागलं की विली नेल्सनच्या खात्यात थोडे पैसे जमा होतात. शब्द त्याचे, चाल त्याची, तेव्हा त्यात वावगं काहीच नाही. पॅट्सीच्या वारसांना मात्र त्याबद्दल एक सेंटही मिळत नाही. पियानोवाल्या फ्लॉइड क्रेमरच्या घरी काही जात नाही, मागे कोरस धरणाऱ्या जॉर्डनेअर्सना काही मिळत नाही आणि ज्या डेक्का कंपनीने १९६१ साली ही रेकॉर्ड काढली तिच्या आजच्या मालकांच्या पदरातही काही पडत नाही. गाण्याच्या आधी आणि नंतर लागलेल्या जाहिरातींचे पैसे केंद्राच्या गल्ल्यात जातात. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. कायदाच तसा आहे.

रेडिओवर गाणं वाजलं तर लिहिणाऱ्याला रॉयल्टी आणि गाणाऱ्याला वाटाण्याच्या अक्षता, ही व्यवस्था जगातल्या बहुतेक लोकशाही देशांनी केव्हाच मोडीत काढली. अमेरिका अजून अडून बसली आहे. तिथे यावर गेली कित्येक दशकं वाद चालू आहे, विधेयकं येतात आणि समितीतच जिरतात. माझं मत सरळ आहे: कायदा बदलायला हवा आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना वाटा मिळायला हवा. ते पटवून द्यायला ‘क्रेझी’इतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं दिसत नाही, कारण या एका गाण्यात कुणी काय केलं ते बोट ठेवून दाखवता येतं.

आधी गीतकाराकडे पाहू, कारण हा लेख गीतकाराच्या विरोधात आहे असा समज व्हायला नको. विली नेल्सन १९६० साली टेक्सासहून नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री या अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या संगीताच्या पेठेत, आला तो जवळजवळ कफल्लक अवस्थेत. त्याआधी ह्यूस्टनमध्ये त्याने ‘फॅमिली बायबल’ हे गाणं ५० डॉलरला आणि ‘नाइट लाइफ’ १५० डॉलरला कायमचं विकून टाकलं होतं. दोन्ही गाणी पुढे गाजली. नॅशव्हिलमध्ये पॅम्पर म्युझिक या गीतप्रकाशन संस्थेत, म्हणजे गीतकारांची गाणी गायकांपर्यंत पोचवून त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कंपनीत, हँक कॉक्रन हा गीतकार कामाला होता. त्याला आठवड्याला ५० डॉलर वाढ मिळणार होती. ती त्याने सोडली आणि त्या पैशात विलीला ठेवून घ्या म्हणून मालकाला गळ घातली. त्याच सुमारास विली ‘हॅलो वॉल्स’ हे गाणं फॅरॉन यंग या गायकाला ५०० डॉलरला विकायला निघाला होता. यंगने गाणं विकत घेतलं नाही. पैसे उसने दिले आणि गाणं तुझ्याच नावावर राहू दे म्हणून बजावलं. त्या गाण्याच्या रॉयल्टीचा पहिला मोठा चेक हातात पडल्यावर विलीने जाऊन यंगचा मुकाच घेतला, अशी कथा नॅशव्हिलमध्ये अजून सांगितली जाते.

असे मित्र भेटले नसते तर ‘क्रेझी’सुद्धा पन्नास-शंभर डॉलरला गेलं असतं आणि आज आपण गीतकारावर अन्याय झाला म्हणून हळहळत बसलो असतो. त्याला हक्क मिळाला, कारण कायद्याने गाण्याला त्याची मालमत्ता मानलं आणि भल्या माणसांनी त्याला ती विकू दिली नाही.

पण ‘क्रेझी’ त्याच्या हातून निघालं तेव्हा ते काय होतं? साधं नमुन्याचं ध्वनिमुद्रण, विलीच्या स्वतःच्या आवाजात. विलीची गाण्याची पद्धत अशी की ठेका एकीकडे चाललाय आणि हा आपला कधी मागे रेंगाळतोय, कधी पुढे निसटतोय, मध्येच गाणं सोडून बोलल्यासारखं म्हणतोय. चालही कंट्री संगीतातल्या नेहमीच्या तीन कॉर्डांत मावणारी नव्हती. बिली वॉकर या गायकाने हे बायकी गाणं आहे म्हणून नाक मुरडलं, असं सांगतात. पॅट्सीलाही ते आवडलं नाही. तिचा नवरा चार्ली डिक मात्र त्यावर लट्टू होता. नॅशव्हिलच्या टूट्सीज ऑर्किड लाउंजमध्ये बसून पिताना त्याची विलीशी गाठ पडली आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर तो त्याला थेट घरी घेऊन आला. एवढ्या रात्री कुणाच्या घरात कसं शिरायचं म्हणून विली बाहेर गाडीतच बसून राहिला, शेवटी पॅट्सीनेच बाहेर येऊन त्याला आत नेलं, असं तो स्वतः सांगत आला आहे. तिला अडचण होती ती विलीसारखं गायची. विलीसारखं गाऊच नकोस, तुझ्या पद्धतीने गा, हे तिच्या गळी उतरवलं निर्माता ओवेन ब्रॅडलीने. या सल्ल्यासाठी कुठल्या कायद्यात रॉयल्टी नाही, आणि ती असावी असं मीही म्हणणार नाही. निर्मात्याला त्याचे पैसे मिळतच होते.

ध्वनिमुद्रण झालं २१ ऑगस्ट १९६१ रोजी, नॅशव्हिलच्या सोळाव्या अव्हेन्यूवर ब्रॅडलीने एका घराच्या मागे उभारलेल्या लष्करी धाटणीच्या पत्र्याच्या अर्धगोल शेडमध्ये. त्याला सगळे क्वॉन्सेट हट म्हणत. दोनच महिन्यांपूर्वी, १४ जूनला, पॅट्सीच्या मोटारीला समोरून येणाऱ्या गाडीची धडक बसली होती आणि ती पुढच्या काचेवर आदळली होती. कपाळ फाटलं, मनगट मोडलं, कंबरेचा सांधा निखळला. ती कुबड्यांवर स्टुडिओत आली. वादक होते नॅशव्हिलचे त्या वेळचे पहिल्या फळीचे लोक: क्रेमर पियानोवर, ग्रेडी मार्टिन गिटारवर, ओवेनचा भाऊ हॅरॉल्ड ब्रॅडली सहा तारांच्या बास गिटारवर, बॉब मूर मोठ्या बासवर, बडी हार्मन ड्रमवर. युनियनच्या नियमाने एक सत्र तीन तासांचं आणि त्यात साधारण चार गाणी उरकायची रीत. या एकाच गाण्याला चार तास गेले.

या लोकांची काम करायची तऱ्हा पाहण्यासारखी होती. वाद्यमेळाची स्वरलिपी कुणी आधी लिहून आणत नसे. नमुना ऐकायचा, कॉर्डांच्या जागी एक, चार, पाच असे आकडे चिठ्ठीवर टिपायचे, म्हणजे गायिकेची पट्टी बदलली तरी आकडे तेच राहतात. मग कुणी कुठे वाजवायचं आणि कुठे गप्प बसायचं ते उभ्याउभ्या ठरायचं. क्रेमरने ओळींच्या मधल्या जागा पियानोने भरल्या, शेजारच्या स्वरावरून मूळ स्वरावर घसरत येणाऱ्या त्याच्या खास ढंगात. मूरचा बास संथ पावलं टाकत चालतो, हार्मनचे ब्रश ड्रमवर नुसते घासतात. यातलं काहीही विलीच्या कागदावर नव्हतं. तेव्हाचा कायदा मुळात कागदाला ओळखणारा. खोलीत उभ्याने रचलेलं आणि फितीवर उतरलेलं त्याच्या हिशेबात कुठेच येत नव्हतं.

वाद्यमेळ जमला, पण पॅट्सीच्या बरगड्या दुखत होत्या आणि वरचे स्वर धरता येईनात. ब्रॅडलीने वादकांचं वाजवणं तयार करून ठेवलं आणि तिला घरी पाठवलं. गायिका आणि वादक एकत्रच ध्वनिमुद्रण करत त्या काळात ही सवलत नेहमीची नव्हती. दुखणं उतरल्यावर, काही आठवड्यांच्या आत, ती परत आली आणि तयार फितीवर गायली. एकाच टेकमध्ये झालं असं नॅशव्हिलमध्ये सांगतात.

आता विलीचं गाणं आणि पॅट्सीचं गाणं एकापाठोपाठ ऐका. दोन्ही सहज सापडतात. विलीच्या गाण्यात एक हुशार माणूस स्वतःच्या फजितीची टर उडवताना ऐकू येतो. ज्याचं मन रमणार नाही हे ठाऊक होतं त्याच्यावर जीव लावला, म्हणजे आपलं डोकंच फिरलेलं, अशी ती भाषा. पॅट्सी तेच शब्द घेते आणि टर काढून टाकते. पहिलाच शब्द ती ताणून धरते आणि हळूच खाली सोडते. मध्ये एखाद्या ठिकाणी आवाज फुटतोय की काय असं वाटतं, पण ती फुटू देत नाही. शेवटाकडे चाल वर चढते, ज्या स्वरांवर ऑगस्टमध्ये बरगड्यांनी दगा दिला होता तिथे, आणि तिथे ती जराही जोर लावत नाही. ज्या गाण्यावर जग रडलं ते हे दुसरं गाणं. विलीलाही हे मान्य आहे. आपल्या गाण्यांचं दुसऱ्या कुणी केलेलं सगळ्यात आवडतं रेकॉर्डिंग म्हणून तो पॅट्सीच्याच ‘क्रेझी’चं नाव घेत आला आहे.

रेकॉर्ड ऑक्टोबर १९६१ मध्ये बाजारात आली. कंट्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली आणि पॉपच्या यादीत नवव्या. त्याच महिन्यात, २६ ऑक्टोबरला, रोममध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला. गायक-वादक, रेकॉर्ड कंपन्या आणि प्रसारक यांच्या हक्कांचा. बाजारातली रेकॉर्ड रेडिओवर वाजवली तर कलाकारांना किंवा कंपनीला किंवा दोघांनाही न्याय्य मोबदला द्यावा, हे त्याच्या बाराव्या कलमात आहे. अमेरिका त्यात सामील झाली नाही. भारताने सही केली, पण पुढे मान्यतेची मोहोर उमटवलीच नाही, तेव्हा आपणही फार ताठ मानेने बोलावं अशी परिस्थिती नाही.

अमेरिकेतल्या कायद्याची गंमत अशी की १९०९ च्या कॉपीराइट कायद्यात ज्युकबॉक्सला गीतकाराच्या रॉयल्टीतूनही सूट होती. नाणं टाकून वाजणारं यंत्र म्हणजे सार्वजनिक सादरीकरण नव्हेच, असं त्यात गृहीत धरलेलं. ‘क्रेझी’ हे अमेरिकेच्या ज्युकबॉक्सवर सगळ्यात जास्त वाजलेल्या गाण्यांत गणलं जातं, आणि १९७८ पर्यंत त्या नाण्यांतून गाणारीला नाहीच, पण लिहिणाऱ्यालाही दमडी मिळायची नाही. नवीन कायदा आला तेव्हा एका यंत्रामागे वर्षाला आठ डॉलर एवढा भार पडला. ज्युकबॉक्सवाले तेव्हाही धंदा बुडाला म्हणून गळा काढत होते. ध्वनिमुद्रणाला तर १५ फेब्रुवारी १९७२ पर्यंत केंद्रीय कायद्यात स्थानच नव्हतं. ते मिळालं तेव्हाही चोरून प्रती काढणाऱ्यांना आळा घालण्यापुरतं. रेडिओ त्यातून मुद्दाम वगळला, कारण रेडिओवाल्यांची वॉशिंग्टनमध्ये वट होती. प्रत्येक खासदाराच्या मतदारसंघात एखादं तरी केंद्र असतं आणि निवडणुकीत त्याची गरज पडते. ती वट आजही आहे.

रेडिओवाल्यांचा मुख्य युक्तिवाद जुनाच आहे: आम्ही गाणी वाजवतो म्हणून रेकॉर्डी खपतात, आमची सेवा फुकट आहे, उलट तुम्हीच आम्हाला पैसे द्यायला हवेत. यात तथ्य अजिबात नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. १९५९-६० च्या सुमारास अमेरिकी संसदेत जी चौकशी गाजली ती याचीच होती. रेकॉर्ड कंपन्या निवेदकांना गुपचूप पाकिटं देत, आमचं गाणं लावा म्हणून. वाजवून घेण्यात फायदा नसता तर पाकीट कुणी दिलं असतं?

प्रश्न असा की तो फायदा कुणाचा? पॅट्सीने १९५४ साली फोर स्टार या कंपनीशी करार केला. त्यात तिला रॉयल्टी होती विक्रीच्या २.३४ टक्के, म्हणजे त्या वेळच्या चालू दराच्या निम्म्याच्या आसपास, आणि गाणी गायची ती फक्त फोर स्टारच्या प्रकाशन विभागाची. म्हणजे गाणं रेडिओवर वाजलं की गीतप्रकाशक म्हणून कंपनीला पैसे, रेकॉर्ड खपली की कंपनीला पैसे, आणि गाणारीने कंपनीला परवडतील तीच गाणी गायची. १९५७ साली तिचं ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ देशभर वाजलं, तरी हा करार संपेपर्यंत तिची पैशांची चणचण काही संपली नाही. प्रसिद्धी झाली ती तिच्या आवाजाची आणि पीक कापलं भलत्यानेच. रेडिओमुळे कलाकाराला आपोआप मोबदला मिळतो असं म्हणणाऱ्यांनी हा करार एकदा नजरेखालून घालावा.

दुसरं असं की प्रसिद्धीचा मुद्दा नव्या गाण्याला लागू पडतो. साठ वर्षांपूर्वीची गाणी लावणारं केंद्र ‘क्रेझी’ लावतं ते पॅट्सीची ओळख करून द्यायला नव्हे. ऐकणाऱ्याला ती ओळख आहे म्हणूनच तो तिथे थांबतो आणि पुढची ट्रकच्या टायरची जाहिरात त्याच्या कानावर पडते. इथे कोण कुणाच्या जिवावर जगतंय?

आणि प्रसिद्धी तर गीतकाराचीही होते. तरी त्याला पैसे द्यावे लागतातच. रेडिओवाले १९२० च्या दशकात अगदी हेच म्हणत होते, फक्त समोर गीतकार होते. वाद इतका चिघळला की १९४१ सालचे दहा महिने बड्या रेडिओ कंपन्यांनी गीतकारांच्या जुन्या संघटनेची, म्हणजे अ‍ॅस्कॅपची, गाणी वाजवणंच बंद केलं आणि शंभर वर्षांपूर्वीची हक्कमुक्त गाणी लोकांच्या माथी मारली. शिवाय स्वतःची पर्यायी संस्था काढली, बीएमआय. आता मजा पाहा. अ‍ॅस्कॅप न्यूयॉर्कच्या नाटक-सिनेमावाल्यांची. खेड्यापाड्यातल्या आणि कृष्णवर्णीय गीतकारांना ती फारसं जवळ करत नव्हती. बीएमआयला गाणी हवी होती, तिने या लोकांना दार उघडलं. १९४२ साली नॅशव्हिलमधली पहिली मोठी कंट्री गीतप्रकाशन संस्था, एकफ-रोज, उभी राहिली ती बीएमआयच्या आगाऊ पैशाच्या आधारावर. पुढे तशा संस्थांची रांग लागली. पॅम्पर त्यांतलीच एक. हँक कॉक्रनने सोडलेले आठवड्याचे ५० डॉलर शेवटी कुठून येत होते? रेडिओने नाइलाजाने, कुरकुरत दिलेल्या रॉयल्टीतूनच. गीतकाराला पैसे द्यावे लागले म्हणून रेडिओ मेला नाही. उलट त्या पैशातून असं एक शहर उभं राहिलं की त्याने पुढची ऐंशी वर्षं रेडिओला वाजवायला गाणी पुरवली. या सगळ्या वादात मला सगळ्यात वजनदार वाटतो तो हा पुरावा. गाणारे-वाजवणारे त्या शहराच्या बांधणीत होते, वाटणीत मात्र नव्हते.

आणखी एक बाजू आहे आणि ती मांडणारे लोक रेडिओचे दलाल नव्हेत. ते म्हणतात, गवंडी घर बांधतो, मजुरी घेतो, पुढे घरमालकाच्या भाड्यात वाटा मागत नाही. गायकाने गाण्याचे पैसे घेतले, विषय संपला. आपल्याकडे नेमक्या याच मुद्द्यावर लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांचं बिनसलं होतं, तेही याच काळात, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. लतादीदींचं म्हणणं, रेकॉर्ड खपत राहते तोवर गाणाऱ्याला वाटा हवा. रफीसाहेबांचं म्हणणं, निर्मात्याने मानधन दिलं, जोखीम त्याची, आपला हक्क संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रफीसाहेबांच्या म्हणण्यात एक निर्मळपणा आहे आणि मला त्याबद्दल आदरच वाटतो. पण रफीसाहेबांना चित्रपटामागून चित्रपट मिळत होते, त्यांना तो निर्मळपणा परवडत होता. कोरसमधल्या गायिकेला तो परवडत नाही. आणि गवंड्याचा न्याय लावायचाच तर गीतकारालाही लावा. त्यानेही पैसे घेऊन गाणं लिहिलं. त्याला वेगळं काढता येत नाही, कारण एका बसण्यातलं त्याचं काम लाखो वेळा नव्याने विकलं जातं. गाणाऱ्याचंही तेच होतं.

आपल्या न्यायालयालाही हे खटकलं होतं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात गीतकार-संगीतकारांच्या हक्काचा निकाल चित्रपट निर्मात्यांच्या बाजूने लागला. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळं टिपण जोडलं: संगीतात प्राण ओतणाऱ्या गायकाला कायद्यात हक्कच नसावा हे आपल्या परंपरेला धरून नाही, संसदेने विचार करावा, अशा आशयाचं. संसदेने विचार केला तो २०१२ साली. कॉपीराइट कायद्याच्या त्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क लिहून देऊनही जाणार नाही असा पक्का झाला आणि व्यापारी वापरासाठी गायकांनाही रॉयल्टी मिळाली. २०१३ मध्ये गायकांनी वसुलीसाठी स्वतःची संस्था काढली. वसुली किती होते आणि कुणापर्यंत पोचते ही तक्रार आहेच, पण निदान तक्रार करायला कायद्यात जागा आहे. वादकांच्या बाबतीत मात्र आपली पाटी बराच काळ कोरीच होती. मुंबईच्या चित्रपट संगीतातला वाद्यमेळ ज्यांनी कागदावर उतरवला, वाजवला आणि वाजवून घेतला ते अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड हे गोव्याचे लोक. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं सापडली तरी ‘साहाय्यक’ म्हणून. दिवसाचा रोज घेतला आणि संपलं. नॅशव्हिलच्या क्रेमर-मूर मंडळींची गतही वेगळी नव्हती, फक्त त्यांची युनियन बळकट असल्यामुळे रोज बरा होता.

आज अमेरिकेत या कायद्याचं हसं कसं झालंय ते मोटारीत बसून कळतं. समोरच्या पडद्यावर एफएम लावा, ‘क्रेझी’ वाजू द्या, पॅट्सीकडच्यांना शून्य. त्याच पडद्यावर बोट सरकवून उपग्रह रेडिओ लावा, तेच गाणं, तोच आवाज, आणि आता वाटा द्यावा लागतो. १९९५ च्या कायद्याने डिजिटल प्रसारणावर ही रॉयल्टी लागू झाली. तिच्या वाटपाचा नियम असा: निम्मी रेकॉर्डच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, ५ टक्के मागच्या गायक-वादकांना, आणि कलाकारांचा हिस्सा कंपनीच्या हातून न जाता थेट. तरीही १९७२ च्या आधीची रेकॉर्डिंग केंद्रीय कायद्याबाहेर असल्याने डिजिटलवाले बराच काळ त्यांच्याबाबत हात वर करत होते. ती पळवाट २०१८ साली बुजवली गेली. एफएमवरची सूट मात्र तशीच आहे. जे सूट उपभोगतात ते गरीब बिचारे नव्हेत. आयहार्टमीडिया या एकाच कंपनीकडे साडेआठशेहून जास्त केंद्रं आहेत. आणि हा वाटा देणं अशक्य आहे हेही खरं नाही: तिच्याच जुन्या अवताराने, क्लिअर चॅनलने, २०१२ साली नॅशव्हिलच्या बिग मशीन या रेकॉर्ड कंपनीशी करार करून एफएमवरच्या उत्पन्नात वाटा द्यायचं कबूल केलं होतं. बदल्यात डिजिटलचा दर स्वतःला सोयीचा पाडून घेतला, ते सोडा.

गावातल्या छोट्या केंद्राचं काय, हा प्रश्न खरा आहे. २०२१ पासून पुन्हापुन्हा मांडलं जाणारं अमेरिकन म्युझिक फेअरनेस विधेयक त्याचं उत्तर देतं. वर्षाला १५ लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या स्वतंत्र केंद्राला वर्षाला ५०० डॉलर, म्हणजे दिवसाला दीड डॉलरही नाही. महाविद्यालयांच्या आणि सार्वजनिक केंद्रांना त्याहून कमी. एवढ्याने बंद पडणारं केंद्र कशानेही बंद पडेल.

निवेदकांशी कलाकारांचं वैर नव्हतं, हेही इथे नोंदवायला हवं. पॅट्सी ५ मार्च १९६३ रोजी विमान अपघातात गेली, वयाच्या तिसाव्या वर्षी. ती परतत होती कॅन्सस सिटीहून, एका मदतीच्या कार्यक्रमातून. मोटार अपघातात मरण पावलेल्या एका रेडिओ निवेदकाच्या कुटुंबासाठी तो कार्यक्रम होता. मागे तिची दोन लहान मुलं राहिली. त्यानंतर तिच्या आवाजावर रेडिओने साठ वर्षं धंदा केला.

विधेयकाच्या बाजूने असूनही मला त्यात सगळंच पसंत आहे असं नाही. मुदतीचंच बघा. २०१८ च्या कायद्याप्रमाणे १९६१ चं हे रेकॉर्डिंग अमेरिकेत १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षित आहे. म्हणजे प्रसिद्ध झाल्यापासून शंभर वर्षांहून जास्त. आपल्याकडे रेकॉर्डिंगला ६० वर्षांची मुदत आहे आणि १९६१ साली आपल्याकडे निघालेली ध्वनिमुद्रणं २०२२ पासून सगळ्यांना खुली झाली. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं. हा लढा सत्तरीतल्या, पेन्शन नसलेल्या गायक-वादकांसाठी असेल तर पणतवंडांपर्यंत मुदत कशाला ओढायची? त्याचा फायदा मुख्यतः रेकॉर्ड कंपन्यांना होतो, आणि त्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. कलाकाराच्या आडून कंपनी आपलं घोडं पुढे दामटते आहे, असा आरोप रेडिओवाले करतात तेव्हा इथे त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळतं. मुदत कमी करून घेतली तर त्यांच्या विरोधाची अर्धी हवा जाईल.

दुसरं म्हणजे वाटणीतले ते ५ टक्के. ‘क्रेझी’च्याच बाबतीत पाहा. पॅट्सीने तोंड उघडण्याआधी, नुसत्या सुरुवातीच्या वाजवण्यावरून ऐकणारा गाणं ओळखतो. ते वाजवणाऱ्या सगळ्यांनी मिळून आणि मागच्या कोरसने मिळून ५ टक्क्यांत वाटून घ्यायचं, आणि ज्या मालकाने फक्त फीत जपून ठेवली त्याला ५०? हा आकडा रेकॉर्ड कंपन्यांशी तडजोड करताना ठरलेला आहे, त्यामागे न्यायाचं काही गणित नाही. नव्या रॉयल्टीत मालकाचा हिस्सा ४० वर आणावा आणि सुटलेले १० टक्के मागच्या गायक-वादकांच्या ५ मध्ये घालावेत, अशी दुरुस्ती विधेयकात हवी. त्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या दिवशी कोण वाजवायला होतं त्याची यादी लागते. नॅशव्हिलमध्ये युनियनमुळे सत्राच्या नोंदी कागदावर ठेवायची पद्धत होती. म्हणूनच १९६१ च्या त्या सोमवारी क्वॉन्सेट हटमध्ये कोण कुठल्या वाद्यावर होतं ते आज नावानिशी सांगता येतं.